अदृश्य होण्याची विद्या



कामगार चळवळीत ज्याची हयात गेली अशा माणसाने व्याख्यानाला उभे राहावे आणि विषय मात्र किमान वेतनाचा किंवा बोनसचा न घेता अदृश्य होण्याच्या विद्येचा घ्यावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही पदार्थविज्ञानाचे पदवीधर नव्हे. जिनातली पाळी सुटल्यावर आणि युनियनची बैठक सुरू होण्यापूर्वी जे वाचायला मिळाले, तेवढीच आमची शाळा. परंतु हा विषय आमच्या धंद्याबाहेरचा आहे असे मात्र आम्ही मानीत नाही. का मानीत नाही, ते बोलण्याच्या ओघात येईलच.

माणसाला दिसू नये अशी इच्छा फार जुनी आहे, आणि तिचा एक जुना दाखला आपल्या वऱ्हाड-विदर्भातच घडला असे महाभारत सांगते. वनपर्वातील नलोपाख्यान आपण सर्वांनी कीर्तनात ऐकले आहे. रघुनाथ पंडितांनी ते मराठीत आणले, त्यामुळे जुन्या पिढीला ते शाळेतही भेटले. विदर्भराज भीमाची कन्या दमयंती हिचे स्वयंवर ठरले. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव तिच्या आशेने निघाले आणि वाटेत भेटलेल्या नळालाच त्यांनी आपला दूत केले. नळ म्हणाला, राजवाड्यावर पहारे आहेत, आत जाऊ कसा? इंद्राने सांगितले, जाशील. आणि तो खरोखर गेला. पुढे दमयंतीला तो स्वतःच सांगतो की आत शिरताना कोणी मला पाहिले नाही आणि कोणी अडविलेही नाही. विदर्भाची ती राजधानी कुंडिनपूर, म्हणजे वर्धा नदीच्या काठचे आजचे कौंडिण्यपूर, असे परंपरा मानते. तीच वर्धा पुढे आपल्या जिल्ह्याची सीमा होऊन वाहते.

इथपर्यंतची कथा चमत्काराची आहे. आम्हाला गोडी आहे ती तिच्या पुढल्या भागाची. स्वयंवराच्या मंडपात चारही देव नळाचेच रूप घेऊन बसले. एकाच चेहऱ्याचे पाच पुरुष! दमयंतीने खरा नळ ओळखला तो कशावरून? देवांना घाम येत नव्हता, त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या, त्यांच्या माळा कोमेजत नव्हत्या, अंगाला धूळ नव्हती आणि पाय जमिनीला टेकत नव्हते. पाचव्याची सावली पडली होती, माळ सुकली होती, अंगावर धूळ आणि घाम होता. तिने त्याच्या गळ्यात माळ घातली.

पुढे द्यूतात राज्य गेले, कर्कोटक नाग डसला, नळाचे रूप पालटून तो बेढब झाला आणि बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे अश्वशाळेत चाकरीला राहिला. ही दुसरी अदृश्यता पहिलीपेक्षा पक्की होती. पहिलीत कोणी त्याला पाहिले नाही; दुसरीत सगळे रोज पाहत होते आणि कोणालाच तो दिसत नव्हता. राजाच्या रथावर बसलेला सारथी कोण आहे, असे कोण विचारतो? शेवटी दमयंतीने दासी केशिनीला पाठविले आणि बाहुकाने शिजविलेले अन्न मागवून चाखले. ती चव तिच्या ओळखीची होती. ज्याचे रूप नाहीसे झाले त्याचा पत्ता हाताच्या कसबावरून लागला.

नळाला देवांची कृपा होती. ज्यांना ती नाही त्यांनी काय करावे, याचे उत्तर कौटिल्याने दिले आहे. अर्थशास्त्राचे हस्तलिखित म्हैसूरच्या शामशास्त्र्यांना मिळाले आणि १९०९ साली ते छापून निघाले. मुंबई विद्यापीठासाठी आपल्या प्रा. र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात त्याची चिकित्सक आवृत्ती तीन भागांत सिद्ध केली. या ग्रंथाच्या चौदाव्या अधिकरणात अदृश्य होण्याच्या कृती दिल्या आहेत. तीन दिवस उपास करावा, पुष्य नक्षत्रावर शस्त्राने मारलेल्या किंवा सुळी दिलेल्या माणसाच्या कवटीत माती घालून जव पेरावे, ते उगवले की त्यांची माळ गळ्यात घालावी; म्हणजे माणसाचे रूपही दिसत नाही आणि सावलीही पडत नाही. निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांची भुकटी करून रात्री दिसण्याचे अंजनही तेथेच सांगितले आहे. आमच्या लहानपणी गुप्तधनाच्या मागे लागलेले लोक पायाळू माणसाच्या डोळ्यांत जे काजळ घालीत, ते याच अंजनाच्या जातकुळीतले.

हे वाचून कोणी हसेल. कौटिल्यासारखा हिशेबी माणूस या कवटीवर किती विसंबून होता हे पाहायचे असेल, तर त्याच ग्रंथाचे पहिले अधिकरण उघडावे. तेथे शत्रूच्या घरातली गुपिते काढण्यासाठी कोणाला पेरावे याची यादी आहे. आचारी, न्हाऊ घालणारे, अंग रगडणारे, अंथरूण घालणारे, न्हावी, पाणक्ये यांच्या वेषात माणसे ठेवावी. कुबडे, बुटके, मुके, बहिरे, आंधळे यांचे सोंग घेतलेली माणसे ठेवावी. का? कारण ही माणसे खोलीत असली तरी धनी बोलायचे थांबत नाही. जवाची माळ घालून कोणी अदृश्य झाल्याची नोंद नाही. परंतु पाण्याची घागर खांद्यावर घेतली की माणूस दिसेनासा होतो हे या पंडिताला पक्के ठाऊक होते, आणि आपले हेरखाते त्याने त्यावर उभारले.

ग्रीकांच्या प्लेटोनेही अदृश्य करणाऱ्या अंगठीची गोष्ट सांगितली आहे. तिचा नायक राजाच्या मेंढ्या राखणारा गुराखी आहे. कळपाचा महिन्याचा हिशेब द्यायला सगळे मेंढपाळ जमले असताना अंगठीचा खडा आत वळविला की आपण दिसत नाही, हा शोध त्याला लागतो. पुढे तो राजाला मारून राज्य घेतो. प्लेटोचा प्रश्न असा की, कोणी पाहत नसेल तर माणूस न्यायाने वागेल काय? हा प्रश्न त्याने गुराख्याच्या तोंडी न घालता राजाच्याच गळ्यात बांधला असता तर आम्हाला अधिक बरे वाटले असते.

विज्ञानयुगात हा विषय आणला तो एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने. त्याची ‘अदृश्य माणसा’ची कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक ग्रिफिन मंत्रतंत्र करीत नाही. तो म्हणतो, वस्तू दिसते कशामुळे? तिच्यावर पडलेला प्रकाश ती परत फेकते, शोषते किंवा वाकविते म्हणून. काच हवेत दिसते, कारण हवेतून काचेत शिरताना प्रकाश वाकतो. जिथे प्रकाश वाकणार नाही, तिथे काच दिसणार नाही.

हे बोल खरे आहेत की नाही हे पाहायला लंडनला जावे लागत नाही. आम्ही युनियनच्या कचेरीत हा प्रयोग करून दाखविला आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतली बोरोसिल काचेची परीक्षानळी घ्यावी. एका भांड्यात सोयाबीनचे तेल ओतावे. ते तर आपल्याकडे घरोघरी आहे. नळी तेलाने भरून तेलात बुडवावी. बुडालेला भाग नाहीसा होतो! तेलाचा वक्रीभवनांक १.४७ च्या आसपास, या काचेचाही तितकाच. तेव्हा प्रकाशाला एकातून दुसऱ्यात गेल्याचा पत्ताच लागत नाही. पाण्यात मात्र नळी दिसत राहते, कारण पाण्याचा अंक १.३३ आहे. साधा चहाचा पेला तेलात घातला तर तोही अंधुक दिसतो, कारण त्या काचेचा अंक १.५२ च्या जवळ जातो. एका रेचेवाल्याने विचारले, “साहेब, नळी गेली कुठं?” दुसऱ्याने भांड्यात बोट घालून ती चाचपली आणि मगच त्याचे समाधान झाले.

ग्रिफिनने आपल्या शरीराचा वक्रीभवनांक हवेइतका केला, अशी वेल्सची कल्पना. पुढचा हिशेब सोव्हिएत लेखक याकोव्ह पेरेलमान याने मांडला आहे. सोव्हिएत छापखान्यांची पुस्तके दोन-चार रुपयांत मिळत त्या दिवसांत त्याचे मनोरंजक भौतिकशास्त्र आमच्या हाती लागले. पेरेलमान विचारतो की असा माणूस स्वतः पाहील कसा? डोळ्यातले भिंग प्रकाश वाकवू शकले तरच चित्र तयार होते. डोळ्याच्या मागल्या पडद्याने प्रकाश अडविला तरच ते उमटते. डोळाच हवेसारखा झाला तर प्रकाश आरपार निघून जाणार. म्हणजे जो कोणालाच दिसत नाही, त्याला कोणीच दिसणार नाही. तो ठार आंधळा असेल. हे लिहिणारा पेरेलमान १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने गेला.

वेल्सने मात्र एक गोष्ट फार खरी लिहिली. अदृश्य झाल्यावर ग्रिफिनची दैना होते. कपडे घातले तर कपडे दिसतात, म्हणून हिवाळ्यात उघडे फिरावे लागते. खाल्लेले अन्न पचेपर्यंत पोटात दिसते. चिखलात पावले उमटतात. आणि शेवटी त्याला पाडतो कोण? कोणी शास्त्रज्ञ नव्हे, फौजदार नव्हे. रस्त्याकडेला खोदकाम करणारा एक दांडगा मजूर अंदाजाने फावडे हाणतो आणि ते नेमके बसते.

वेल्सनंतर थोड्याच वर्षांनी, १९११ साली, चेस्टरटन या दुसऱ्या इंग्रज लेखकाने याच नावाची एक गोष्ट लिहिली. घरावर चार माणसांचा पहारा आहे, चौघेही शपथेवर सांगतात की कोणी आत गेले नाही, आणि आत खून झालेला. खून करणारा पोस्टमन होता. तो सर्वांच्या देखत आत गेला आणि बाहेर आला, पण ‘कोणी आले होते काय’ या प्रश्नाच्या उत्तरात पोस्टमन मोजावा असे एकालाही वाटले नाही. ही गोष्ट वाचली तेव्हा आम्हाला कौटिल्याचा पाणक्या आठवला.

आता सिनेमाकडे वळू, कारण अदृश्य माणूस आपल्यापैकी बहुतेकांना भेटला तो तिथेच. पुस्तकात ‘तो दिसेनासा झाला’ असे चार शब्दांत लिहून भागते. पडद्यावर ते करून दाखवावे लागते. आपल्याकडे ही कला आणली दादासाहेब फाळक्यांनी. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेला हा माणूस सिनेमाकडे येण्यापूर्वी छायाचित्रण, छपाई अशा अनेक धंद्यांतून गेला होता. एका जर्मन जादूगाराकडून ते जादू शिकले आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने खेळही करीत. ‘फाळके’ हे नाव उलटे वाचले की ‘केळफा’ होते! माणूस नाहीसा करण्याची युक्ती फ्रान्समध्ये मेलिएस याने १८९६ सालीच दाखविली होती. तोही जादूगारच. कॅमेरा थांबवायचा, बाकीच्यांनी जागचे हलायचे नाही, एकाने निघून जायचे आणि पुन्हा हँडल फिरवायचे. पडद्यावर माणूस क्षणात गुप्त. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि पुराणातले देव जसे प्रकट होत व अंतर्धान पावत, तसे ते लोकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले.

आमच्या मते या युक्तीत खरे श्रम हँडल फिरविणाऱ्याचे नाहीत. ते न हलता उभे राहणाऱ्यांचे आहेत. आणि त्याहून अधिक श्रम सरस्वतीबाई फाळक्यांचे. त्या काळी कोऱ्या फिल्मला दोन्ही कडांना भोके पाडून घ्यावी लागत, आणि तेही अंधारात. हे काम त्या माउलीने शिकून घेतले. रसायने मिसळणे, फिल्म धुणे, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे, शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. दागिने भांडवलात गेले ते वेगळेच. दिवसा चूल आणि रात्री भोके पाडायचे यंत्र, अशा दोन पाळ्या त्यांनी केल्या. चित्रपटाचा इतिहास सांगताना ही गोष्ट पुष्कळ वर्षे कंसात सांगितली जाई, अलीकडे ती थोडी बाहेर येऊ लागली आहे. सीतेचे काम करायला बाई मिळेना म्हणून १९१७ च्या ‘लंकादहना’त राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या, हेही येथे सांगण्यासारखे आहे. हा गडी फाळक्यांना मुंबईच्या एका हॉटेलात काम करताना सापडला होता. ज्या गिऱ्हाइकांपुढे तो बशा ठेवीत असे, त्यांपैकी कितीकांनी पुढे सीतेला हात जोडले असतील!

१९३३ साली अमेरिकेत वेल्सच्या कादंबरीचा बोलपट निघाला. त्यात नटाला नखशिखान्त काळ्या मखमलीत गुंडाळीत, वर सदरा-विजार घालीत आणि काळ्या मखमलीच्या पडद्यासमोर उभे करीत. मग ते चित्र दुसऱ्या चित्रात मिसळले की नुसते कपडे चालताना दिसत. हा बोलपट मुंबईस आला आणि प्रकाश पिक्चर्सचे विजय भट्ट यांनी तसाच चित्रपट आपल्याकडे करायचे मनात घेतले. काम आले बाबुभाई मिस्त्री या सुरतेच्या पोराकडे. वयाची विशीही उलटली नव्हती. अमेरिकेतली ती यंत्रे आणि तो पैसा इथे कुठला? त्याने काळा पडदा लावला आणि काळा दोरा घेतला. दोऱ्यावर उजेड पडणार नाही असे दिवे बसविले. पेला आपोआप उचलला जातो, काठी अधांतरी चालते, खुर्ची सरकते. ओढणारे हात पडद्याच्या पलीकडे. १९३७ साली ‘ख्वाब की दुनिया’ प्रदर्शित झाला आणि बाबुभाईंचे नावच ‘काला धागा’ पडले. पुढे त्यांनी ‘संपूर्ण रामायण’ (१९६१), ‘पारसमणी’ (१९६३) असे पौराणिक आणि जादूचे चित्रपट स्वतः दिग्दर्शित केले आणि २०१० साली ते वारले.

विचार करा, या दोऱ्यात काय आहे? काचेच्या नळीने तेलात जे केले, तेच दोऱ्याने काळ्या पडद्यासमोर केले. पार्श्वभूमीत आणि वस्तूत फरक उरू दिला नाही. फरक एवढाच की दोरा आपोआप हलत नाही. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला श्वास रोखून कोणीतरी उभा असतो, आणि पेला सांडला तर बोलणी तोच खातो.

पुढल्या चित्रपटांविषयी फार सांगत नाही. अशोककुमारचा ‘मिस्टर एक्स’ १९५७ चा, किशोरकुमारचा ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’ १९६४ चा. शेखर कपूर यांचा ‘मिस्टर इंडिया’ १९८७ साली आला. तो आमच्या तरुणपणचा आणि आम्ही तो एकाहून अधिक वेळा पाहिला आहे. त्यातला नायक मनगटावरचे यंत्र दाबून गुप्त होतो आणि लाल प्रकाशात मात्र दिसतो. त्या ट्रिक पीटर परेरा यांच्या. खलनायकाचा संवाद पोराटोराला पाठ आहे. परेरांचे नाव विचारले तर आमच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात एकही हात वर झाला नाही.

येथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका जिनात सरकीच्या ढिगाजवळ काम करणाऱ्या एका मजुराचा हात पट्ट्यात सापडला. नुकसानभरपाई मागायला आम्ही गेलो तेव्हा मॅनेजरने हजेरीपत्रक पुढे टाकले. त्यात त्याचे नाव नव्हते. ठेकेदार म्हणाला, हा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच. तुटलेला हात समोर होता, माणूस समोर उभा होता, आणि दोघे जण त्याच्याकडे पाहत ‘नव्हताच’ म्हणत होते. सोबतच्या बाया साक्षीला उभ्या राहिल्या, त्याने रोजच्या डब्याचे ज्या चहावाल्याकडे खाते ठेवले होते तो वही घेऊन आला, आणि त्या वहीवरून तो त्या जिनात चार महिने होता हे सिद्ध झाले. भरपाई मिळायला त्यापुढे तीन वर्षे लागली. उलट बाजूही आपल्याला ठाऊक आहेच. रोजगार हमीच्या कामावर मस्टरमध्ये नाव असते, अंगठा असतो, पण माणूसच नसतो! एकीकडे नाव नसलेला माणूस आणि दुसरीकडे माणूस नसलेले नाव. दोन्ही कामे एकाच पेनाने होतात. मुंबईच्या हमालांनी लढून १९६९ साली माथाडी कायदा करून घेतला, त्यात नोंदणीला एवढे महत्त्व का दिले गेले, हे ज्याला पाहायचे असेल त्याने असली दोन-चार हजेरीपत्रके पाहावीत.

असो. शास्त्राकडे परत येऊ. ग्रिफिनचा मार्ग बंद आहे हे पेरेलमानने दाखविले. मग दुसरा मार्ग कोणता? वस्तूला पारदर्शक न करता प्रकाशालाच तिच्या सभोवार वळवून पलीकडे पूर्ववत सरळ करायचे. नदीच्या पात्रातल्या गोट्याला पाणी वळसा घालून जाते, आणि थोडे खाली उभे राहिले तर वर गोटा आहे हे कळत नाही, तसे. परंतु असा वळसा घालायला लावणारा पदार्थ निसर्गात सापडत नाही. तो बनवावा लागतो. या बनावट पदार्थांच्या इतिहासात एक नाव आपल्या देशातले आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये बिनतारी लहरी भिंतीपार पाठवून दाखविल्या. आणि १८९८ साली त्यांनी तागाचे धागे पीळ देऊन बांधले व त्यांतून त्या लहरी सोडल्या, तेव्हा लहरींची कंपनदिशा फिरली. पदार्थ तागच, पण पीळ दिल्याने त्याला नवा गुण आला. आजचे शास्त्रज्ञ या प्रयोगाला आपल्या विद्येचा पूर्वज मानतात. कलकत्त्याच्या गिरण्यांत लाखो हात ज्या तागाला पीळ देत होते, त्याच तागाचा हा प्रयोग.

सोव्हिएत शास्त्रज्ञ व्हेसेलागो याने १९६७ साली कागदावर दाखविले की उलट दिशेने प्रकाश वाकविणारा पदार्थ असू शकतो. पुढे जवळजवळ तीस वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. इंग्लंडच्या जॉन पेंड्री यांनी ही विद्या पुन्हा हाती घेतली, २००६ साली अदृश्यतेच्या आवरणाचे गणित मांडले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डेव्हिड स्मिथ यांच्या गटाने ते प्रत्यक्ष करून दाखविले. तांब्याचा एक लहान दंडगोल, त्याभोवती तांब्याची नक्षी काढलेली वर्तुळाकार कडी. सूक्ष्मलहरी या कड्यांना वळसा घालून पलीकडे निघाल्या. पूर्ण लपला असे नाही, थोडी सावली उरली. पण तत्त्व सिद्ध झाले.

मग आपल्या डोळ्यांपासून लपविणारे वस्त्र का निघाले नाही? कारण ती नक्षी लहरीच्या लांबीपेक्षा बारीक असावी लागते. त्या प्रयोगातली लहर तीन-साडेतीन सेंटिमीटरांची होती. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची लहर इतकी आखूड की डोक्याच्या एका केसाच्या जाडीत शंभराहून अधिक लहरी मावतील. शिवाय एका रंगासाठी केलेली नक्षी दुसऱ्या रंगाला चालत नाही. तेव्हा वर्तमानपत्रात ‘अदृश्य झगा तयार’ असे वाचले की श्रोत्यांनी कोणत्या लहरीपुरता, एवढे विचारावे. लष्कराला रडारपुरते लपले तरी पुरते, म्हणून पैसा तिकडेच वाहिला. उफिमत्सेव या रशियन माणसाचे १९६२ चे उघड छापलेले गणित वापरून अमेरिकनांनी रडारला न सापडणारे विमान केले. ते १९८१ साली उडाले आणि १९९९ साली सर्बियात पाडलेही गेले. आपल्याकडे कानपूरच्या आय. आय. टी.ने २०२४ च्या नोव्हेंबरात ‘अनालक्ष्य’ नावाचे आवरण जाहीर केले. ते रडारच्या लहरी शोषून घेते आणि त्याचा आधार कापड आहे.

आणि आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. अदृश्यतेची सर्वांत जुनी आणि अजून कोणाला न जमलेली युक्ती टिपेश्वरच्या जंगलात राहते. २०१८ साली पांढरकवडा आणि राळेगाव भागात टी-१ वाघिणीचा शोध चालला होता, तो आपण सर्वांनी अनुभवला आहे. वर्तमानपत्रे तिला अवनी म्हणत. २०१६ पासून १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. गेलेली माणसे बहुतेक गुराखी, शेतकरी आणि शेतमजूर. तिच्या शोधासाठी स्वयंचलित कॅमेरे लावले, हत्ती आणले, शिकारी कुत्री आणली, उष्णता टिपणारे कॅमेरे घेऊन ड्रोन उडविले, हवेतून पाहणी केली, परदेशी अत्तराचा वास ठेवून पाहिला. महिनोन्‌महिने ती हाती लागली नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी लागली, आणि ती कशी घातली यावर पुष्कळ वाद झाला. त्या वादात आम्ही शिरत नाही.

आमचा प्रश्न वेगळा होता. एवढे मोठे, एवढ्या भडक नारिंगी रंगाचे जनावर दिसत कसे नाही? त्याचे उत्तर असे आहे. सस्तन प्राण्यांच्या केसांत हिरवा रंग तयारच होत नाही. तेव्हा वाघ हिरवा होऊ शकत नाही. परंतु हरीण, रोही, रानडुक्कर यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. आपल्याला तीन. त्यांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही, म्हणून नारिंगी वाघ त्यांना गवताच्याच रंगाचा दिसतो. इंग्लंडच्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली हे पडताळूनही पाहिले. वाघाने स्वतःला लपविले नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यातली उणीव त्याने वापरली. आणि पट्टे हे दुसरे काम करतात. ते त्याच्या देहाची कड मोडून टाकतात. गवताच्या उभ्या सावल्यांत एक पट्टा कुठे संपतो आणि पाय कुठे सुरू होतो हे तीन रंगांच्या डोळ्यालाही उमगत नाही. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचीही तीच गत. भर दुपारी खडक आणि माती वाघाच्या अंगाइतकीच तापली म्हणजे नळीला जसे तेल, तशी ही जमीन.

याच्या आदल्याच वर्षी, २०१७ साली, याच जिल्ह्यात दुसरे एक न दिसणारे संकट येऊन गेले होते. त्या हंगामात पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली. फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला मजूर त्या झाडांत शिरला की रस्त्यावरून दिसेनासा होई, आणि नळीतून निघालेले धुके त्याच्याच तोंडावर येई. नव्या पंपांचे तुषार इतके बारीक की ते हवेत तरंगत राहतात आणि डोळ्याला दिसत नाहीत. २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. कित्येकांना तर आधी दिसायचेच बंद झाले. डोळे गेले म्हणून नातेवाईक हात धरून त्यांना आणीत होते. फवारणारा रोजंदारीचा असला तर त्याचे नाव सातबाऱ्यावर नसते आणि हजेरीपत्रक तर शेतात असतच नाही. कोणाच्या शेतात, किती दिवस, कोणते औषध, हे विचारायला आम्ही गावोगाव फिरलो तेव्हा सोबत काम करणाऱ्यांची तोंडी साक्ष आणि धुऱ्यावर फेकलेल्या रिकाम्या बाटल्या, एवढेच कागदपत्र आमच्यापाशी होते.

वाघिणीच्या दिवसांत राळेगावकडच्या गावांतले लोक एकेकटे शेतात जाईनासे झाले. टोळीने निघावे, हातात काठी असावी, मोठ्याने बोलत राहावे, उन्हे कलायच्या आत परतावे, असा रिवाज पडला. वेच्याला जाणाऱ्या बायका निघताना एकमेकींची नावे घेऊन मोजीत आणि परतताना धुऱ्यावर उभ्या राहून पुन्हा मोजीत.